आईच्या अक्षरावरचा जेसो

बायको जुनी पानं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांवर जेसो, म्हणजे चित्राखाली देतात तो घट्ट पांढरा लेप, फासत होती. त्यातलं एक पान माझ्या आईच्या विणकामाच्या वहीतलं निघालं. बारापैकी नऊ ओळी झाकल्या गेल्या होत्या.

"अगं, हे आईचं अक्षर."

"अहो, रद्दी म्हणून तुम्हीच दिलंत. थांबा, ओलं आहे अजून."

तिनं लेपातून हलकेच कंगवा ओढला. रेघारेघांतून पेन्सिलीचं 'दोन सुलट, एक उलट' दिसू लागलं. बाकीचं तुटक तुटक.

"सगळं पुसून बघू?"

मी नको म्हटलं. आई गेल्यापासून ती आठवते तीही अशीच. अख्खा चेहरा येत नाही. सुयांवर चालणारी बोटं तेवढी स्पष्ट दिसतात.