टाकीत भात कोण टाकतं?

माझं कोणी ऐकलं नाही. दसऱ्यानंतर मी घसा फोडून सांगत होते, की आपल्या टाकीतल्या माशांना कोणीतरी चोरून जेवू घालतंय आणि त्यानंच ते मरतायत. आमचे हे म्हणाले, उन्हानं मरतात. पोळ्या लाटणारी वच्छला म्हणाली, नजर लागते. जेवायला येणारे म्हणाले, मावशी, मासेच ते, त्यांचं काय एवढं.

म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. धंतोलीत दवाखान्यांच्या गल्लीत बावीस वर्षं भोजनालय चालवलं की किस्से शोधावे लागत नाहीत. भाताच्या पातेल्याला खरपुडी धरते तसे ते आपोआप धरतात. मी चौथी शिकलेली बाई. पण खरपुडी खरवडता येते मला.

*

टाकी आली माझ्या भावामुळे. तो रामटेकच्या पुढं, आमच्या गावच्या तळ्यावर मासे धरतो. एकदा आला तो हातात पाण्याची मोठी कॅन घेऊन. आत अकरा मासे. दहा बोटाएवढे, चांदीसारखे, शेपटीजवळ काळा टिपका असलेले. आणि एक मिशीवाला, तळाशी तोंड लपवून बसलेला.

“मरळ नाही आणली,” भाऊ म्हणाला. “ते बाकीच्यायले खाऊन टाकते.”

“अन् हे काहून आणले?”

“तळ्याची याद येते म्हणत होती ना? घे.”

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना हलवताना काचेची रिकामी टाकी जिन्याखाली सोडली होती. ती मी घासून घेतली, तळाशी रेती घातली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. वर भिंतीवर आमची पाटी: शुद्ध शाकाहारी भोजनालय.

पहिल्याच दिवशी भंडाऱ्याकडचा एक माणूस जेवायला बसला. त्यानं पाटी पाहिली, टाकी पाहिली, मग मला पाहिलं.

“मावशी, वर शाकाहारी लिहिलं अन् खाली मासोळ्या?”

“म्हणून तं जित्या आहेत,” मी म्हटलं.

त्याच्या समोर बसलेला गोंदियाचा. तो मिशीवाल्याकडे पाहत घास चावत होता. चावता चावता थांबला आणि म्हणाला, “हा रश्श्यात लय गोड लागते.”

दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट मी टाकीकडे पाठ करून वाढलं.

*

पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारी मशीन आणायला धरमपेठेत रंगीत माशांच्या दुकानात गेले. दुकानदार चांगल्या कपड्यातला. काऊंटरवर बोटं वाजवत म्हणाला, “कोणते फिश आहेत आपल्याकडे?”

“तळ्यातले.”

“नाव काय?”

“विचारलं नाही.”

त्यानं मशीन दिली आणि सोबत एक काचेची नळी पुढं केली. “हीटर घेऊन जा. पाणी गरम ठेवावं लागतं, नाहीतर मरतील.”

“भाऊ,” मी म्हटलं, “तुमचं दुकान नागपुरातच आहे ना?”

तो थोडा ओशाळला. मी त्याला सांगितलं, माझे मासे सिंगापूरचे नाहीत. त्यांना हिवाळ्यातलं गार पाणी चालतं, तळ्यात त्यांना कोण हीटर लावून देतं? यांचं मरण मे महिन्यात असतं. मे महिन्यात पाणी गार ठेवणारं काही असेल तर दाखवा.

त्यानं सगळं दुकान नजरेनं फिरून पाहिलं. मग म्हणाला, “एसी.”

*

एसी काही आम्ही घेतला नाही. मे महिन्यात मी टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळलं. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून त्या टाकीत तरंगत ठेवल्या, दर दोन तासांनी बदलल्या. आणि हॉलमधला एकुलता एक कूलर टाकीकडे वळवला.

झालं. सगळी टेबलं ओढून टाकीजवळ. उरलेला हॉल रिकामा, आणि टाकीपाशी लग्नाची पंगत. समोरच्या लॅबमध्ये काम करणारा पंकज रोज आमच्याकडे जेवतो. तो म्हणाला, “मावशी, पुढच्या जन्मी मले तुमच्या टाकीत टाका.”

“बुकिंग फुल आहे.”

आमचे हे भिंतीला टेकून घाम पुसत होते. म्हणाले, “बावीस वर्षं झाले. माह्याकडे कधी कूलर नाही वळवला.”

“तुम्ही तळ्यातून आले का?” मी विचारलं.

पंकजचं वरण नाकात गेलं. “मधुकरभाऊ,” तो ह्यांच्याकडे पाहत, खोकत म्हणाला, “मिशी तं आहे तुमाले. ट्राय मारा.”

हसण्यावारी गेलं ते. पण एक लक्षात ठेवा, त्या सबंध मे महिन्यात माझा एकही मासा मेला नाही. म्हणून उन्हानं मरतात हे मला कोणी सांगू नये.

*

मरायला लागले दसऱ्यानंतर. पाणी कांजीसारखं दिसायला लागलं आणि आंबूस वास. आठवड्यात दोन गेले. त्याच आठवड्यात मी पाहिलं, तर आमचे हे हातात टेप घेऊन टाकीची लांबी-रुंदी घेतायत.

“काय मोजून राहिले?”

“काही नाही. कोल्ड्रिंकवाला आला होता. मोठा फ्रीज ठेवतो म्हणे आपल्याकडे. जागा एवढीच पायजे.”

“मासे आहेत तोवर फ्रीज येणार नाही.”

“मी कुठं आता म्हणतो?” हे म्हणाले. “निपटले की.”

तेव्हापासून मी रोज सकाळी दार उघडलं की आधी मासे मोजायची आणि मग चहा ठेवायची. नऊ. नऊ. नऊ. शेवटचा मासा गेला की तिथं फ्रीज उभा राहणार आणि माझ्या गावचं तळं संपणार, हे मला दिसत होतं.

मग एक दिवस सकाळी आले, तर वच्छला टाकीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी गोल गोल फिरवतेय.

“काय करून राहिली वं?”

“तुरटी फिरवतो. गढूळ पाण्याले आमची माय हेच करे.”

मी किंचाळलेच. मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ-आ करत होते. डाळीच्या पातेल्यात साठवणीचं पाणी ओतून, गाळणीनं एकेकाला उचलून त्यात टाकलं.

“पण साफ तं झालं ना?” वच्छला म्हणाली.

साफ झालं. पाणी आरशासारखं झालं. तीन मासेही साफ झाले.

*

सहा राहिले. चार दिवसांत पाणी पुन्हा कांजी. मी पंकजला धरलं. म्हटलं, अख्ख्या विदर्भाचं रक्त तपासता, एक माझं पाणी तपासा.

तो दुसऱ्या दिवशी खिशातून आयोडीनची तपकिरी बाटली घेऊन आला. वाटीत टाकीचं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. पाणी निळं-काळं झालं, वांग्याच्या सालीसारखं.

“स्टार्च पॉझिटिव्ह,” तो गंभीरपणे म्हणाला.

“मराठीत सांग.”

“भात.”

मी ती वाटी घेऊन हॉलभर फिरले. प्रत्येकाच्या ताटासमोर धरली. आमच्या ह्यांना दाखवली. हे म्हणाले, “पंकज मजाक करून राहिला तुयी.”

*

मग मी पहारा धरला. ताटांच्या चवडीमागे स्टूल घेतलं आणि ऐन जेवणाच्या वेळेला बसले.

पहिल्या पंगतीत पाच जण सापडले. पाच. वर्ध्याकडची एक बाई ताटावर बसली, भाताचा घास काढला, डोळे मिटले, उठली आणि टाकीत सोडला. तिच्या मागून एकजण पोळीचा तुकडा घेऊन. त्याच्या मागून तिसरा. देवळात असतात तसे शिस्तीत.

मी चवडीमागून उभी राहिले. “हे काय चाललंय?”

कोणी घाबरलं नाही. वर्ध्याची बाई म्हणाली, “घरी गाईले घास काढतो जी आम्ही. पेशंट आतमध्ये आहे, मुक्या जिवाले दिल्याबिगर आपण कसं जेवावं? इथं गाय कुठं आहे?”

“अन् हे गाय आहेत?”

“जीव तं आहेत.”

मीही घरी काढते घास. मी दाराबाहेर एक परात ठेवली आणि खडूनं लिहिलं, घास इथं ठेवा. लोकांनी ऐकलं. फक्त गल्लीतली गाय साडेअकरालाच दारात येऊन उभी राहू लागली, आणि वाढायला उशीर झाला की आत डोकावून माझ्याकडे पाहू लागली.

*

वाटलं, मिटलं. पंकजनं पुन्हा थेंब टाकले. पुन्हा निळं-काळं. म्हणजे अजून एकजण होता. आणि मासे आता दोन. मिशीवाला आणि एक टिपकेवाली.

त्या दिवशी मी भर पंगतीत वाढायचा डाव परातीवर आपटला. “आता जो सापडेल त्याचं या भोजनालयातलं जेवण बंद. डबा बंद. कोणीही असो, किती का जुना असो.”

सगळ्यांनी माना ताटात घातल्या. एकट्या ह्यांनी भात मागितला.

माझा संशय ह्यांच्यावरच होता. फ्रीज कोणाला हवा होता? दुपारी आडवे झाले असताना मी जाऊन उभी राहिले.

“हात दाखवा.”

“काहून? भविष्य पाहते का?”

मी हात धरून वास घेतला. भात नाही, वरण नाही. सुपारी, चुना, तंबाखू.

“खर्रा सोडला म्हणाले होते ना गणपतीत?”

हे उठून बसले. हात लुंगीला पुसले. मग म्हणाले, “तू माशाचं पाहत होती ना?”

*

आता शेवटचं.

रामटेककडचे एक म्हातारे बाबा होते. घरी धानाची शेती, बायको समोरच्या दवाखान्यात, दीड महिना झालेला. स्वतः एक वेळ जेवायचे. बायकोसाठी सकाळी आमच्याकडून तांदळाच्या पेजेचा डबा न्यायचे आणि दुपारी आणून द्यायचे.

डब्याच्या बाबतीत मी कडक आहे. परत आलेला प्रत्येक डबा उघडून पाहते. उरलेलं दिसलं की सोडत नाही, मग तो मोठा साहेब का असेना. पेशंट खाणार नाही तर उठणार कसा? पण या बाबांचा डबा रोज रिकामा, पुसून लख्ख. मी तो सगळ्यांना दाखवायची. “शिका काही. आमची आजी थेंब ठेवत नाही.” बाबा खाली मान घालून हसायचे. मला वाटायचं, लाजतात.

त्या दुपारी जेवणं आटोपली होती. वच्छला मागं भांडी घासत होती. मी तांदळाच्या पोत्यांमागे बसून टाकीवर डोळा ठेवला होता. दार हळूच लोटून बाबा आले. इकडं तिकडं पाहिलं. टाकीपाशी गेले आणि डब्याचं झाकण काढलं.

डबा काठोकाठ भरलेला होता. पेजेवर साय धरली होती, म्हणजे सकाळपासून कोणी चमचासुद्धा घातलेला नव्हता.

बाबांनी पेज टाकीत सोडायला सुरुवात केली. एकदम नाही. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून तळहातावरून, थोडी थोडी. दोन्ही मासे वर आले. डबा रिकामा झाला तसा त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तो आतून पुसला, नीट, कडांपर्यंत. मग वळले आणि मी समोर.

मी तोंड उघडलं होतं. काय काय बोलायचं ते महिनाभर ठरवून ठेवलं होतं.

“परवा दोन चमचे घेतले होते तिनं,” बाबा म्हणाले. “काल नाई घेतले. आज तोंडच उघडत नाई.” झाकण डब्यावर बसवायला गेले, तर ते बसेना. झाकण नुसतं वाजत होतं. “तुम्ही रोज उघडून पाहता ना, बाई. म्हणून.”

आवाज ऐकून वच्छला ओल्या हातानं बाहेर आली. दारातून पंकज आला, पाण्याचा नमुना न्यायला. त्याच्या मागं आमचे हे. टाकीचं पाणी पांढरंफट्ट झालेलं सगळ्यांना दिसलं.

“सापडला?” वच्छला म्हणाली.

“सापडला.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं आणि माझ्या काखेत धरला.

“कोण वं बाई?”

“कोण आहे, मावशी?” पंकज म्हणाला. “नाव सांगा, नाव.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बाबांकडे पाहिलं, माझ्या काखेतल्या डब्याकडे पाहिलं, आणि खाली पाहिलं.

“मधुकर,” मी ह्यांचं नाव घेतलं.