पंख्याखालची खुर्ची

आमचे हे कालव्यावर चौकीदार होते. सेलू तालुक्यातल्या एका चारीला, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याला, पाणी सोडायचं, दारं वर-खाली करायची, कुणी मधेच पाइप टाकून पाणी ओढत नाही ना ते बघायचं. एवढंच काम. एवढंच, असं मी आज लिहितेय. त्यांच्यासमोर म्हटलं असतं तर दोन दिवस अबोला धरला असता.

पाण्याची पाळी सुरू झाली की हा माणूस घरचा राहत नसे. चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं, त्यांना पाणी मिळतंच. खरी ओढाताण टेलची, म्हणजे अगदी शेवटच्या शेतांची. तिथं पाणी शिरलं की ती मंडळी नारळ फोडत, आणि तो यांच्याच हातानं फोडायचा असा तिथला रिवाज होता. खोबऱ्याचे तुकडे रुमालात बांधून हे घरी आणत. "घे, टेलला पानी गेलं."

"मला कधी एक साडी आणली न्हाई इतक्या हौसेनं," मी म्हणायची. त्यावर नुसते हसायचे.

फोनचं तर विचारू नका. जेवताना, दाढी करताना, देवापुढं हात जोडलेले असताना सुद्धा. "मामा, पानी कुठवर आलंय?" माझं डोकं उठायचं. यांचा चेहरा मात्र खुलायचा. यांनी 'उद्या सकाळी' म्हटलं की पलीकडचा माणूस उद्या सकाळी खोरं घेऊन रानात हजर. आपल्या शब्दावर कुणी असं विसंबतं, हे सुख पगारात मिळत नाही. मला ते फार उशिरा कळलं.

एका पावसाळ्यात कालव्याच्या भरावावरून यांचा पाय घसरला आणि गुडघा गेला. चालता येत होतं, पण लंगडत. यांचे साहेब मनानं चांगले. त्यांनी यांना कचेरीत बसवलं. पंख्याखाली खुर्ची, पगार तोच, कामाचा ताप नाही. चारी ठेकेदाराच्या माणसाकडं गेली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंत. मलाही तसंच वाटलं होतं.

कचेरीत यांना काम असं नव्हतंच. टपालाची पाकिटं एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायची, तीही कधीमधी. काही काम हाय का, असं हे दर तासाला जाऊन विचारत आणि प्रत्येक जण प्रेमानं सांगे, "बसा की मामा निवांत." निवांत बसून बसून माणूस वाळत चालला. डबा अर्धा परत यायला लागला. रागवायचं सुद्धा विसरले. मी मुद्दाम भाजी खारट केली एकदा, मुकाट्यानं खाल्ली. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली.

मीच मग मागं लागले, साहेबांना जाऊन सांगा म्हणून. गेले. घरी येऊन जे झालं ते सांगितलं. "सायेब, मला माझी चारी परत द्या, गुडघ्याचं मी बघतो," असं हे म्हणाले. साहेब हसले, "अहो मामा, लोक खुर्चीसाठी माझे पाय धरतात. तुम्हाला मिळाली तर नको?" कचेरीतले सगळेच हसले म्हणे. कुणी वाईट हेतूनं हसलं नसेल.

"मी काय चुकीचं बोललो का गं?" यांनी मला विचारलं.

यंदा रब्बीची पाळी सुटली. रविवार होता, हे ओट्यावर बसले होते. बऱ्याच दिवसांनी फोन वाजला. टेलच्या शेतकऱ्याचं नाव बघून एकदम ताठ झाले.

"बोल की! कसं काय चाललंय?"

मी आतून ऐकत होते. फोनवरचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"मामा, त्या नव्या माणसाचा नंबर हाय का तुमच्याकडं? पानी कुठवर आलंय इचारायचंय."

यांनी चष्मा लावून नंबर शोधला, एकेक आकडा सावकाश सांगितला, त्याच्याकडून परत वदवून घेतला. म्हणाले, "दुपारी त्यो फोन उचलत न्हाई. आत्ताच लाव. अन् न्हाईच उचलला तर..." पण तोवर त्यानं फोन ठेवला होता.

हे उठले, चपला घातल्या, फटफटीची किल्ली खुंटीवरून काढून फाटकापर्यंत गेले. आणि कुठं जायचं ते न कळून तिथंच उभे राहिले.