तीन पोती खत आणि अर्धी बरणी दोरे

टेलरकाकांचं दुकान चाळीस वर्षं न्हाव्याच्या दुकानाला लागून होतं. इतक्या वर्षांत शिवलेला एकही कपडा तक्रार घेऊन परत आला नाही, हे ते कुणी न विचारताच सांगत. त्यामुळे शेतावरून त्यांची तीन पोती परत आली, तेव्हा ते त्यांच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

खताचा नाद खरा काकूंचा. ओला कचरा बाहेर टाकायचा नाही, असं ठरवून त्यांनी गच्चीवर दोन ड्रम ठेवले होते. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं सगळं त्यात जाई. ढवळायचं काम मात्र काकांकडे. दोन वर्षांत ड्रम भरले आणि कुंड्या होत्या सहा. "आता हे काय उशाला घेऊन झोपायचं?" काकू म्हणाल्या. तेवढ्यात न्हाव्याकडून कळलं, की गावाबाहेरच्या सेंद्रिय शेतावर घरचं खत दान म्हणून घेतात. काकांनी तीन पोती भरली आणि न्हाव्याच्या व्हॅनमधून नेली.

शेत सांभाळणारी बाई त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने मूठभर खत पांढऱ्या ताटात पसरलं, वास घेतला.

"काका, खत झकास झालंय. पण हे काय?"

तिच्या चिमटीत बोटभर हिरवा दोरा होता.

"दोरा आहे. सुती. कुजेल."

"सुती असता तर आतापर्यंत टिकला असता का?"

काकांनी दोरा हातात घेऊन ओढून पाहिला. ओल्या कचऱ्यावर पसरायला वाळका पाला कमी पडला, की ते दुकानातला केर ड्रममध्ये ओतत. कापडच तर आहे, असं त्यांना वाटे.

"पॉलिएस्टर आहे, म्हणजे प्लास्टिकच. एकदा मातीत गेलं की निघत नाही," ती म्हणाली. "राग मानू नका, पण मला हे घेता येणार नाही."

परतताना न्हाव्याने हवापाण्याचा विषय काढून पाहिला. काका मागच्या पोत्यांकडेच बघत राहिले. घरी काकूंनी विचारलं, "काय हो, माप चुकलं?" काकांनी पोती पुन्हा गच्चीवर चढवली.

सकाळी त्यांनी खतातले चार दोरे धुतले आणि त्यांना काडी लावली. सुती दोऱ्याची राख होते. हे चारही आक्रसले आणि त्यांचे काळे, कडक मणी झाले. हीच परीक्षा काका गिऱ्हाइकांना ऐटीत करून दाखवत. आपल्या केराला काडी लावून बघावी, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

मग त्यांनी खत चाळायला घेतलं, तर दोरे चाळणीतून खाली सटकत. शेवटी गच्चीवर जुनी चादर अंथरून, तांदूळ निवडावेत तसं ते मूठ-मूठ निवडू लागले. तिसऱ्या दिवशी गुडघे धरत काकूही येऊन बसल्या आणि काकांपेक्षा दुप्पट दोरे काढू लागल्या.

"तुमची नजर सुईच्या नाकापलीकडे जातच नाही," त्या म्हणाल्या.

अकरा दिवसांत अर्धी बरणी दोरे निघाले. दोन पोती साफ झाली. तिसऱ्यात इतका बारीक केर होता, की त्यांनी हात टेकले आणि ते खत घरच्या कुंड्यांत घातलं.

दुसऱ्या खेपेला काकूही व्हॅनमध्ये चढल्या. बाईने वरून मूठ घेतली, मधून घेतली, मग थेट तळातून. तळाच्या मुठीत एक लाल दोरा निघाला. काका पोतं पुन्हा बांधायला वाकले.

"दोन पोत्यांत एक?" ती हसली आणि दोरा खिशात टाकला. "एवढं माझ्याही हातून राहिलं असतं. ओता तिकडे. काका, दर शनिवारी पंधरा-वीस घरांतून खत येतं. तपासायला माणूस मिळत नाही. याल का?"

"घरी विचारून सांगतो."

"मी इथेच आहे की," काकू व्हॅनमधून म्हणाल्या. "आणि विचारायचं तर मला विचारा, दोरे मी जास्त काढलेत."

आता शनिवारी सकाळी दोघं तिथे बसतात. नाही म्हणायचं काम काकूंकडे आहे. काकांना ते जमत नाही, ज्याला नाही म्हटलं त्याचं पोतं ते पुन्हा गाडीत चढवायला हात लावतात. आपलं खत कुठे गेलं, हे मात्र त्यांनी विचारून घेतलं. पाण्याच्या पंपाकडून तिसरा वाफा, गाजरांचा.