पळसदरीचे रोबो

रोबोंबरोबर ड्युटी केली की किस्से आपोआप साचतात. माझ्याकडे तर आता ठेवायला जागा नाही!

आमची ड्युटी रविवार दुपारची. ऑनलाइन गेम, अंतराळ स्थानक, प्रत्येकाला एक हुद्दा. मी सिक्युरिटी ऑफिसर. खालापुरात झेरॉक्सचं दुकान चालवणारा विनय कॅप्टन. पळसदरीची सचिन आणि सोनाली ही भावंडं रोबो. रोबोंना नियम दोनच: माणसाला इजा करायची नाही, माणसाचा हुकूम मोडायचा नाही.

पोलिसी खाक्या मला मुळात मान्य नाही, गेममध्येसुद्धा! लाठीशिवाय स्थानक सांभाळता येतं, हे मला दाखवायचंच होतं.

विनय म्हणाला, "पाच शिफ्टमध्ये एकही निरपराध आत गेला नाही, तर तुला चीफ करतो. एक जरी गेला, तर लाठी परत हातात घ्यायची!"

*

पहिल्याच शिफ्टला चोर दिसला. मी ओरडले, "सचिन, दार अडव!"

तेवढ्यात माइकमधून त्याच्या आईचा आवाज: "सच्या, म्हशींना पाणी दाव रं आधी!"

"मॅडम," सचिन गंभीरपणे म्हणाला, "माणसाचा हुकूम हाय."

चोर पळाला. म्हशी मात्र वेळेवर पाणी प्याल्या!

*

पुढच्या शिफ्टला सोनालीला सांगितलं, संशयिताची चौकशी प्रेमाने कर. तिने सुरू केलं, "गाव कुठलं रं तुजं? मामा कोण?" अर्धा तास गेला.

"अगं, गुन्ह्याचं विचार ना!"

"थांब गं. आमच्या मावशीच्या जावेचा भाचा निघाला ह्यो. आता खोटं नाय बोलायचा."

आणि खरंच नाही बोलला!

*

तिसऱ्या शिफ्टला विनयचा संयम सुटला. समोरच्या संशयिताकडे बोट दाखवून त्याने सचिनला हुकूम सोडला, "याला एक ठेवून दे!"

"इजा करता येत नाय, कॅप्टन. समजावू का?"

सचिनने त्याला शिस्तीवर पंचवीस मिनिटं समजावलं. शेवटी तो गयावया करू लागला, "मीच केलं! मला आत टाका, पण याला थांबवा!"

*

चौथ्या शिफ्टला अख्ख्या कर्जतची लाइट गेली, पळसदरीचे रोबोही बंद. इतकी निर्दोष शिफ्ट मी पुन्हा पाहिली नाही!

*

पाचवी, शेवटची. कुणी वशिल्याने सुटू नये म्हणून मी रोबोंना पक्का हुकूम दिला: "तपास पूर्ण झाल्याशिवाय आतल्या माणसाला सोडायचं नाही. कुणीही सांगो, अगदी मी सांगितलं तरी!"

मग कैद्यांची सोय नीट आहे ना, हे बघायला मी रिकाम्या कोठडीत शिरले. मागे सोनालीने दार लावलं.

"सोनाली, उघड!"

"तपास झाला का, मॅडम?"

"कसला तपास? मी निरपराध आहे!"

मग विनयचा गोड आवाज: "म्हणजे एक निरपराध आत गेला म्हणायचा!"

शिफ्ट संपायला दोन मिनिटं होती.

सचिन कुजबुजला, "मॅडम, आमाला माणसाचं नुकसान बघवत नाय. कायतरी कबूल कर ना गं!"

"कँटीनमधले सगळे समोसे मी चोरले!" मी ओरडले.

चीफचा चार्ज मी कोठडीतूनच घेतला.