चिंचेच्या कोळापर्यंत

चिंच भिजत घातली की त्या आंबट वासानं मला हैदराबादच्या काचीगुड्यातला तो बाळंतपणाचा दवाखाना आठवतो. जुने फोन दुसऱ्या दिवशी बंद होऊन सगळे कॉल कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून जाणार होते, आणि त्यावरून बोलणं नीट पोचतं का, हे तपासायला मी गेले होते. तळमजल्यावर नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथं जुळतात त्या स्विचपाशी मी, वर रिसेप्शनवर मराठवाड्याच्या एक मावशी. “थांबू नका, बोलत राहा,” मी फोनवर म्हणाले. “नुसतं हॅलो हॅलो किती करू गं? बगारा बैंगन सांगते, ऐक,” म्हणत त्यांनी त्या हैदराबादी वांग्यांची कृती तीळ-शेंगदाण्यांपासून सुरू केली. मग ताण देऊन पाहायला मी मुद्दाम त्याच नेटवर्कवरून सोनोग्राफीच्या जड फायली पाठवायला लावल्या, आणि कृती वांगी तळण्यापर्यंत आली तोच मावशींचा आवाज तुटला. उद्या कुणाला कळा सुरू झाल्या आणि घरच्यांचा फोन असाच तुटला तर? पाहिलं, तर आवाजाला फायलींच्या आधी वाट देण्याची स्विचमधली सोय बंदच होती. ती चालू केली, फायली पुन्हा सोडल्या, फोन कानाला लावून ऐकत राहिले. “आता चिंचेचा कोळ घाल, पण हल्लू हल्लू,” अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं. मी तिथंच फरशीवर बसले. अजूनही कढईत कोळ पडला की माझ्या तोंडून “हुश्श” निघतं, आणि घरच्यांना वाटतं, मी स्वयंपाकानं दमले.