अकरा नंबरची खाट

आमच्या मामाचं बूड कधी एका जागी टिकलं नाही. जेवतानाही एक पाय चपलेत. रेडिओ, मिक्सर, जे बंद पडेल ते उघडायचं आणि ते जोडायच्या आत दुसरं उघडायचं.

मामीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याला तिच्या उशाशी बसवेना. सोळा खाटांच्या त्या दवाखान्यात पेशंटने सिस्टरला बोलवायचं ते घसा ताणून. मामाने डॉक्टरांना गळ घातली आणि चार दिवसांत यंत्र बसवलं: प्रत्येक खाटेला बटण आणि सिस्टरच्या टेबलावर खाटेचा नंबर दाखवणारे दोन आकडे. चिपला कामाचे पाय अठरा. आकड्यांनीच नऊ खाल्ले, मग सोळा बटणं लावणार कुठे? त्याने चार आडव्या, चार उभ्या तारांची जाळी केली आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे एकेक बटण ठेवलं. आठ पायांत भागलं. चिप एकेक ओळ चाचपत फिरायची आणि दाबलेले नंबर क्रमाने दाखवायची. दाबलेलं बटण सिस्टरने येऊन सोडवायचं.

अशा जाळीत वीज उलटी शिरू नये म्हणून प्रत्येक बटणाला एक डायोड लागतो. ते सोळा डायोड मामाने "मागाहून लावू" म्हणून खिशात ठेवले. तपासताना एका वेळी एकच बटण दाबलं. तीन एकदम दाबून बघायला धीर कुणाला?

दुसऱ्याच दिवशी अकरा नंबर दिसला. ती मामीची खाट. सिस्टर धावत गेली, तर मामी घोरत होती. असं चारदा झालं. शेवटी मामाने छाती फुगवून कारण सांगितलं: सहा, सात आणि दहा एकदम दाबले गेले की वीज उलटी फिरते आणि अकरा उगाच दिसतो. उद्या डायोड लावतो म्हणाला. मला त्याचा संताप आला, कारण चूक सापडल्याचाच त्याला आनंद झाला होता.

उद्या उजाडला, तर साहेब टेबलापाशी उभे राहून डॉक्टरांना दुसऱ्याच यंत्राची कल्पना रंगवून सांगत होते. आकडे आले: सहा, अकरा. सिस्टर उठली.

"अकरा सोडा हो, ते खोटं आहे," मामा म्हणाला.

मधे सात आणि दहा आलेच नव्हते. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

पंधरा मिनिटांनी आया ओरडत आली. मामी खाटेवरून घसरली होती, एका हाताने गज धरून अर्धी जमिनीवर. टाके उसवले होते.

डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले. सगळे गेल्यावर तिने मामाकडे पाहिलं.

"बटण दाबलं होतं मी. तुम्हाला दिसलं नाही का?"

मामाला खोटं बोलता आलं असतं.

"दिसलं होतं," तो म्हणाला.