बंद न करायचा कॉम्प्युटर

काम वेळेवर झालं की त्याचा किस्सा होत नाही. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात किस्से ढीगभर आहेत, त्यावरून काय ते समजा!

माणसं तीनच: मालक प्रकाशभाऊ, वैशाली आणि मी. अकोल्याच्या फूल-भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटासाठी आम्ही पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहीत होतो. कोणाचा कोणता माल आला, कुठं गेला, याची नोंद. गटानं तो नाकारला तर तिघांतलं एक माणूस कमी होणार होतं, आणि सगळ्यांत नवी वैशाली होती.

प्रोग्रामची पहिलीच ओळ डेटाबेसची लायब्ररी, म्हणजे नोंदी साठवणारा तयार कोड, लोड करायची. ती काही लोड होईना. स्क्रीनभर लाल एरर. प्रकाशभाऊंना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते रोज ओळी मोजायचे. एक दिवस खूश होऊन म्हणाले, "काल चौदा होत्या, आज नऊच हायेत. उतार पडून राहिला!"

*

एका दुपारी वैशालीनं लायब्ररी लोड केली. दहा उपाय केले होते. लागू कोणता पडला, ते तिलाही माहीत नाही. दुसऱ्या मशीनवर तेच केलं तर जमेना. प्रकाशभाऊंनी फतवा काढला, हा कॉम्प्युटर आता बंद करायचा नाही. त्याला इन्व्हर्टर लावला आणि झाडूवाल्या मावशींना त्या कोपऱ्यात बंदी केली.

*

वैशाली घरच्यांसोबत चिखलदऱ्याला गेली, तिथं प्रकाशभाऊंचा फोन. आवाज रडवेला. "तू गेली अन् स्क्रीन काळी पडली वं!"

ती म्हणाली, "भाऊ, माउस हलवा."

*

मग गटाचा निरोप आला, अकोल्यात येऊन दाखवा. बंद करून नेला आणि पुन्हा लायब्ररी लोड झाली नाही तर? प्रकाशभाऊंनी जीप सांगितली. मॉनिटर तेवढा काढला. कॉम्प्युटरचा चालू डबा वैशालीच्या मांडीवर, इन्व्हर्टर आणि बॅटरी माझ्या पायाशी. वायरी पाहून ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "पेशंट कोन हाये?"

गाडी प्रत्येक गतिरोधकावर थांबत अकोल्याला पोचली. वैशाली वाटभर डबा दोन्ही हातांनी धरून होती.

तिथं प्रोग्राम झकास चालला. गटाचे म्हातारे अध्यक्ष, झेंडूवाले काका, सगळं नीट पाहून म्हणाले, "पसंत हाये. घेतो आमी."

वैशालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही फार बरं वाटलं.

"पन नवा-गिवा कॉम्प्युटर नोको," काका म्हणाले. "हाच ठेवून जा. असाच चालू."

प्रकाशभाऊंनी वैशालीकडे पाहिलं, आणि वायरीला पाय लागू नये म्हणून हळूच मागं सरकले.